छोटी सौंदर्यशस्त्रक्रिया, भूल आणि गुंगी : इंदूरमधल्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

लग्नसराई दोन महिन्यांवर आली की इंदूरच्या मराठी घरांत काही राहून गेलेली कामे आठवू लागतात. कुणाची कानाची पाळी जड झुमक्यांनी ओघळून फाटलेली असते, कुणाला गालावरचा तीळ काढायचा असतो, कुणाच्या वडिलांच्या पापण्या डोळ्यांवर उतरलेल्या असतात, तर कुणा तरुणाला मुंडावळ्या बांधण्याआधी केसांचे रोपण करून घ्यायचे असते. ही सारी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतण्यासारखी कामे असल्यामुळे बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : दुखेल का? भूलशास्त्रात काम करताना माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे, कारण दुखणे थांबवण्याची साधने आज पुरेशी आहेत. मी गुंगीत असताना माझ्या श्वासाकडे नेमके कोण लक्ष ठेवणार आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा.

पहिली पायरी : शब्द नीट समजून घ्यावेत

आपण इंदूरकर घरात मराठी आणि दवाखान्यात हिंदी बोलतो, आणि नेमका या विषयात त्याचा घोटाळा होतो. आजी विचारते, "भूल देणार का?" आणि हिंदीत भूल म्हणजे चूक. डॉक्टर म्हणतात, "सुन्न करके कर देंगे", आणि घरी निरोप पोहोचतो की बेशुद्ध करणार आहेत. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे की फक्त जागा बधिर करणार, गुंगी देणार, की पूर्ण भूल देणार.

स्थानिक भुलीत तेवढीच जागा बधिर होते आणि माणूस पूर्ण जागा असतो. हलक्या गुंगीत, म्हणजे बहुधा एखाद्या गोळीने, भीती कमी होते पण बोलणे-चालणे नेहमीसारखे राहते. मध्यम गुंगीत शिरेतून औषध दिले जाते, डोळे मिटतात, मात्र हाक मारली किंवा खांद्याला स्पर्श केला की माणूस उत्तर देतो. खोल गुंगीत तो सहज उठत नाही आणि श्वासाला मदत लागू शकते. पूर्ण भुलीत तर श्वासनलिकेची व्यवस्था भूलतज्ज्ञालाच पाहावी लागते. या अवस्थांमध्ये पक्क्या भिंती नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ज्या मात्रेने एखादा तरुण नुसता सुस्तावतो, त्याच मात्रेने एखाद्या सत्तरीच्या आजोबांचा श्वास मंदावू शकतो. म्हणून मध्यम गुंगी देणाऱ्या चमूला खोल गुंगीत गेलेला रुग्ण सांभाळता आला पाहिजे.

कानाची पाळी शिवणे, तीळ किंवा छोटी चरबीची गाठ काढणे, जुना व्रण नीट करणे यांना स्थानिक भूल पुरते. पापणीच्या शस्त्रक्रियेत तर रुग्ण बोलावल्यावर डोळे उघडणारा असलेला शल्यविशारदाला हवाच असतो, कारण पापणी किती कापायची याचा अंदाज त्यावरून घेता येतो. केसांच्या रोपणाला सहा-आठ तास लागू शकतात, तरी डोक्याभोवती बधिर करणारी इंजेक्शने देऊन ते होते. चरबी ओढून काढणे किंवा पुरुषांच्या छातीची वाढलेली ग्रंथी काढणे यांना मात्र अनेकदा गुंगी किंवा पूर्ण भूल लागते. जिथे जागा बधिर करून भागते, तिथे निव्वळ "मला काही कळायला नको" म्हणून गुंगी मागू नये, असे मी आग्रहाने सांगेन. औषध जितके कमी तितकी काळजीही कमी.

दुसरी पायरी : जागा आणि माणसे पाहून घ्यावीत

मध्य प्रदेशात खासगी दवाखाने आणि उपचर्यागृहे यांची नोंदणी १९७३ च्या राज्य अधिनियमाखाली होते. नोंदणीचे प्रमाणपत्र कुठे आहे, असे विचारण्यात काही गैर नाही. केसांच्या रोपणाबाबत राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावी असे सांगितले. सलूनच्या वरच्या मजल्यावर सहायकांच्या भरवशावर चालणाऱ्या जागांपासून दूर राहण्याला तेवढे कारण पुरे आहे.

फक्त जागा बधिर करायची असेल तर वेगळा भूलतज्ज्ञ असतोच असे नाही, आणि निरोगी माणसाला त्याची नेहमी गरजही नसते. शिरेतून गुंगी द्यायची असेल तर मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हवी, जिचे त्या वेळी रुग्णावर लक्ष ठेवण्याखेरीज दुसरे काम नसेल. प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचे गुंगीचे औषध वापरणार असतील तर ती व्यक्ती भूलशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीए (पदविका) झालेला भूलतज्ज्ञच असावी. "डॉक्टरसाहेब स्वतःच इंजेक्शन देतात आणि स्वतःच शस्त्रक्रिया करतात" हे वाक्य कौतुकाने सांगितले जाते. ते ऐकून मला धडकी भरते.

ऑक्सिजन, घशातील स्राव ओढून घेणारे यंत्र, श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाब आणि ईसीजीचा मॉनिटर, हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र आणि गुंगीच्या औषधांचा अंमल उतरवणारी औषधे त्याच खोलीत असावीत. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ असेल तर फारच चांगले, कारण नाकाला ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा काही वेळ नव्व्याण्णव दाखवत राहतो, तर कॅप्नोग्राफ ते पहिल्या काही श्वासांतच सांगतो. शेवटची चौकशी थोडी विचित्र वाटेल, पण ती करावी : पलासिया किंवा विजयनगरच्या ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हे सारे होणार आहे, तिच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, आणि वेळ आलीच तर अतिदक्षता विभाग असलेल्या कोणत्या रुग्णालयात नेणार?

तिसरी पायरी : काहीही न लपवता सांगावे

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. चालू असलेल्या सर्व औषधांची वेष्टने एका पिशवीत घालून न्यावीत. "बीपीची छोटी पांढरी गोळी" या वर्णनाने कुणालाच काही कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणाच्या सल्ल्याने चालू आहेत ते सांगावे. हृदयात स्टेंट असलेल्याने ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञाने आणि शल्यविशारदाने मिळून घ्यायचा असतो.

वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडची इंजेक्शने आता आपल्याकडेही घेतली जातात, आणि सौंदर्यशस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यांत ती घेणारे बरेच असतात. ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, म्हणजे नियमाप्रमाणे उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, मात्रा वाढवली आहे का, मळमळ किंवा पोट फुगल्यासारखे होते का, हे शस्त्रक्रियेच्या निदान आठवडाभर आधी भूलतज्ज्ञाला कळले पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्यांचेही तसेच. काही गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पहिली गुटखा. वर्षानुवर्षे सुपारी-गुटखा खाणाऱ्यांच्या तोंडातली अस्तरत्वचा कडक होत जाते आणि तोंड पुरेसे उघडत नाही. अशा माणसाचा श्वास गुंगीत अडला तर नळी घालणे अवघड जाते. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे जातात का ते पाहावे. जात नसतील तर ते आधी सांगावे. दुसरी भांग. शिवरात्रीला किंवा होळीला घोटा घेणारे वेगळे आणि रोज घेणारे वेगळे. नेहमी भांग घेणाऱ्याला गुंगीच्या औषधाची मात्रा जास्त लागू शकते आणि ताज्या सेवनाने नाडी वेगाने धावते. दारूचेही खरे प्रमाणच सांगावे. हे सासऱ्यांसमोर सांगता येत नसेल तर डॉक्टरशी एकट्याने बोलायची विनंती करावी.

घोरण्याची चेष्टा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण झोपेत श्वास अडखळून दचकून जाग येत असेल तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो आणि गुंगीत तो अधिक धोक्याचा ठरतो. खंडव्याच्या वाटेवर भेरूघाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना भुलीनंतर मळमळ होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो, विशेषतः स्त्रियांना. तेवढे सांगितले तर ओकारी रोखणारे औषध आधीच देता येते. दमा, गर्भधारणेची शक्यता, औषधांची ॲलर्जी, आणि घरात कुणाला पूर्वी भुलीचा त्रास झाला असल्यास तेही सांगावे.

चौथी पायरी : उपाशी राहणे म्हणजे आपला उपास नव्हे

गुंगीत ठसका लागून श्वासमार्गाचे रक्षण करण्याची शरीराची क्रिया मंदावते, आणि पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर तळलेले किंवा तूपकट अन्न आठ तास, हलके अन्न आणि दूध सहा तास, आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधी थांबवायचे असतात. साबुदाण्याची खिचडी चतुर्थीला चालते, इथे चालत नाही. दुधाचा चहा हा 'नुसता चहा' नसतो, त्याला दुधाचाच नियम लागतो. बिनदुधाचा कोरा चहा मात्र पाण्यात जमा.

इंदूरचे दोन मोह इथे आडवे येतात. शस्त्रक्रिया सकाळी आठला असेल आणि आदल्या रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जायचे ठरले असेल, तर मध्यरात्रीनंतर तळलेल्या गराडूचा (एका कंदाचा) एकही तुकडा तोंडात जाता कामा नये. खरे तर त्या रात्री सराफ्यात न गेलेलेच बरे. शस्त्रक्रिया दुपारी एकला असेल तर सकाळी सातला पोहे-जिलबी खाऊन सहा तास मोजणे चुकीचे आहे, कारण शेव आणि जिलबी तळलेली असते आणि तिला आठ तास लागतात. पाणीही रात्रीपासून बंद करून कोरड्या घशाने येणारे पुष्कळ असतात. त्याची गरज नाही, दोन तास आधीपर्यंत पाणी प्यावे. रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या ते विचारून ठेवावे.

फक्त स्थानिक भूल असेल तर उपाशी राहण्याचे सहसा कारण नसते. उलट रिकाम्या पोटी सुई पाहून भोवळ येणारे अधिक. तरीही ऐन वेळी गुंगी द्यावी लागण्याची शक्यता आहे का, हे विचारून मगच नाश्ता करावा.

पाचवी पायरी : त्या दिवशी सकाळी

सैल, पुढून उघडणारे कपडे घालावेत. दागिने, कॉन्टॅक्ट लेन्स आणि काढता येणारी कवळी बाजूला ठेवावी. बोटांवर गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असेल तर ऑक्सिमीटर चुकू शकतो, म्हणून निदान दोन बोटे मोकळी असावीत.

संमतिपत्र गुंगीचे औषध मिळण्याआधी, शुद्धीत आणि चष्मा लावून वाचावे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती, जीव वाचवण्याची निकड नसेल तर, दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही. म्हणजे वरच्या पापणीसाठी झोपलेल्या माणसाची खालची पापणी "हातासरशी" करून टाकता येत नाही. भुलीचा प्रकार संमतिपत्रात लिहिलेला आहे ना, तेही पाहावे.

सहावी पायरी : बधिर करणारी सुई

लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झाले आणि आजही जगभरच्या छोट्या शस्त्रक्रिया त्याच्यावर चालतात. सुई टोचण्यापेक्षा औषध आत जाताना होणारी आग लोकांना जास्त लक्षात राहते, कारण हे द्रावण आम्लधर्मी असते, आणि ॲड्रेनलिन मिसळलेले तर अधिकच. सोडियम बायकार्बोनेट मिसळणे, औषध कोमट करणे, बारीक सुई वापरणे आणि सावकाश टोचणे, यांनी ती आग बरीच कमी होते. ॲड्रेनलिनमुळे रक्तस्राव कमी होतो आणि परिणाम लांबतो. मात्र थोडा वेळ छाती धडधडू शकते, ती आपोआप निवळते.

बधिर झाल्यावरही दाब आणि ओढ जाणवत राहते. ते दुखणे नव्हे. पण टोचल्यासारखे किंवा कापल्यासारखे वाटले तर दात ओठ खाऊन सहन करण्याची मर्दुमकी इथे कामाची नाही, लगेच सांगावे.

औषधाला मर्यादा असते. नुसत्या लिग्नोकेनची प्रचलित मर्यादा वजनाच्या किलोमागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम, आणि ॲड्रेनलिनसह सात मिलिग्रॅम. ६० किलोच्या व्यक्तीसाठी ॲड्रेनलिनसह ४२० मिलिग्रॅम होतात, आणि दोन टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असल्यामुळे ते जेमतेम २१ मिलिलिटर भरते. हा हिशेब डॉक्टरचा. पण आपले आजचे वजन त्यांना अचूक माहीत असणे ही आपली जबाबदारी. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, जीभ जड होणे ही औषध रक्तात जास्त झाल्याची पहिली लक्षणे आहेत. ती वेळीच सांगितली तर पुढचे झटके आणि हृदयाची गडबड टाळता येते, आणि त्यावरचा उपाय म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण, जवळ असावे.

चरबी काढताना खूप पातळ केलेले लिग्नोकेन मोठ्या प्रमाणात त्वचेखाली भरण्याची पद्धत अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. त्यात किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत औषध चालते, कारण ते हळूहळू शोषले जाते. मात्र रक्तातली सर्वाधिक पातळी साधारण बारा तासांनी येते, म्हणजे सकाळी शस्त्रक्रिया झाली तर त्या रात्री, घरी. तेव्हा सोबतीला जागे माणूस हवे.

त्वचेवर लावायच्या बधिर करणाऱ्या मलमाला लोक निरुपद्रवी समजतात. अमेरिकेत लेझरने पायावरचे केस काढण्यापूर्वी दोन तरुणींनी असे तीव्र मलम पायांवर लावून वर प्लास्टिक गुंडाळले. दोघींना झटके येऊन त्या दगावल्या, आणि तिथल्या औषध नियामकाने २००७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. मलम किती, किती भागावर आणि किती वेळ, हे डॉक्टरनेच ठरवावे.

सातवी पायरी : गुंगीत काय होते

मिडाझोलम या गुंगीच्या औषधाने भीती जाते आणि त्या वेळच्या आठवणीही पुसल्या जातात. "मला काहीच आठवत नाही" म्हणजे दुखले नाही असे नव्हे. वेदनेसाठी बधिर करणारे इंजेक्शन नीट दिलेले असावेच लागते. फेंटॅनिल वेदना कमी करते, पण मिडाझोलमच्या जोडीने श्वासही मंदावते. या दोन्ही औषधांना फ्लुमॅझेनिल आणि नॅलॉक्सोन हे अनुक्रमे उतारे आहेत. दुधासारख्या पांढऱ्या प्रोपोफॉलला उतारा नाही. त्याचा अंमल लवकर उतरतो, तोवर श्वास सांभाळणे हाच उपाय. ते शिरेत जाताना हात थोडा जळजळतो, घाबरू नये. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेत ऑक्सिजन चालू असताना रक्तवाहिन्या जाळणारे विजेचे उपकरण वापरले तर आग लागू शकते, म्हणून अशा वेळी ऑक्सिजन कमी किंवा बंद केला जातो. तो निष्काळजीपणा नव्हे.

आठवी पायरी : घरी जाणे

नाव-गाव नीट सांगता येणे, रक्तदाब स्थिर असणे, आधाराशिवाय चालता येणे, मळमळ आणि वेदना आटोक्यात असणे, इतके झाल्यावरच निघावे. सोबत प्रौढ माणूस हवे. त्याने स्कूटरच्या मागे बसवून न्यायचे नाही, कारण गुंगी पूर्ण न उतरलेला माणूस तोल सांभाळू शकत नाही. देवास, महू किंवा उज्जैनहून आलेल्यांनी ती रात्र इंदूरमध्येच रामबाग, सुदामानगर, जिथे कुणी आपले असेल तिथे काढावी. चोवीस तास वाहन, दारू, गॅसपाशी एकट्याने स्वयंपाक आणि कोणत्याही कागदावर सही वर्ज्य. मोबाइलवरून मोठी रक्कम पाठवणेही मी त्यातच धरतो.

नववी पायरी : घरातली वेदना

बधिरपणा उतरू लागण्याआधी पहिली गोळी घ्यावी. दुखणे शिगेला पोहोचल्यावर ते खाली आणायला वेळ लागतो. निरोगी प्रौढाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम सहा तासांच्या अंतराने, आणि दिवसभरात एकूण ४ ग्रॅमच्या आत. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. चूक होते ती अशी की ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या जोडगोळीत आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. ते लिहून दिले असेल तरच घ्यावे आणि झोपेच्या गोळीबरोबर कधीही घेऊ नये.

बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा, कारण बधिर त्वचेला तो भाजला तरी कळत नाही. ओठ किंवा गाल बधिर असेपर्यंत गरम चहाही टाळावा.

पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्यात एकाएकी ताण, तीव्र दुखणे आणि धूसरपणा आला तर सकाळची वाट पाहू नये. डोळ्यामागे रक्त साचत असेल तर दृष्टी वाचवायला थोडाच वेळ हाती असतो. एकाच बाजूची झपाट्याने वाढणारी सूज, दोन दिवसांनंतर वाढत जाणारी वेदना आणि ताप, न थांबणाऱ्या ओकाऱ्या, हाक मारून नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर आधी शल्यविशारदाला फोन करावा, आणि श्वास मंद वाटत असेल तर सरळ १०८ ला.

निघताना दिलेल्या कागदांत कोणती औषधे किती मात्रेत दिली याची नोंद आहे का ते पाहावे, नसेल तर मागून घ्यावी. मळमळ झाली, फार वेळ झोप राहिली, अंगावर पित्त उठले, तर तेही त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वेळी दात काढायचा असो वा पित्ताशय, भूलतज्ज्ञ पहिला कागद हाच मागेल.